चोवीस तास संपर्कात राहा म्हणता, पण कुणाच्या फोनवर?

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव व संस्थेचे सर्व पदाधिकारी,
मा. प्राचार्य सर,

विषय : घरून काम, कार्यालयीन वेळेनंतरचा संपर्क आणि त्यातली जबाबदारी याबाबत.

महोदय,

या पत्राला जावक क्रमांक नाही. २३ वर्षं मी ज्या रजिस्टरात जावक क्रमांक टाकत आले, त्यात हे पत्र मुद्दाम नोंदवलेलं नाही, कारण नोंदवलेली पत्रं कुठं जातात ते मला ठाऊक आहे. याच विषयावर ऑफिसातल्या आम्ही सहा जणांनी दोनदा लेखी अर्ज दिला. एकावर 'पाहू' असा शेरा आला, दुसरा अजून आवकच्या ट्रेमध्येच आहे. म्हणून हे उघड लिहिते. संस्थेचं नाव मात्र लिहीत नाही. बदनामी करायची नाही हे एक कारण, आणि तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही अनुदानित कॉलेजच्या खिडकीपाशी उभं राहिलात तर आत हेच दिसेल, हे दुसरं.

गेल्या महिन्यात आपल्या सहीचं परिपत्रक निघालं. तीन ओळींचंच आहे. पहिली ओळ : शिक्षकेतर कर्मचारी सुट्टीच्या दिवशी आणि कार्यालयीन वेळेनंतर गरजेप्रमाणे घरून काम करतील. दुसरी : सर्वांनी चोवीस तास मोबाईलवर उपलब्ध राहावे. तिसरी : कर्मचाऱ्याच्या मोबाईलवरून वा संगणकावरून महाविद्यालयाची माहिती बाहेर गेल्यास ती सर्वस्वी त्या कर्मचाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी राहील.

पहिल्या ओळीला माझी हरकत नाही. दुसरीला अर्धी आहे. तिसरी मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे सांगायलाच एवढं मोठं पत्र घेऊन बसले आहे.

मी शिष्यवृत्तीच्या टेबलावर असते. आपल्याकडची बरीचशी मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या मागेपुढे आईबाप टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलला परततात. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरणं, त्रुटी निघाल्या की दुरुस्त करणं, हे सगळं नेमकं याच महिन्यांत येतं. आधारला जोडलेला नंबर असतो बापाचा आणि बाप असतो फडात. गेल्या हंगामात मुदतीच्या आदल्या रात्री पावणेदहाला एका मुलीचा फोन आला, "मॅडम, ओटीपी पप्पाच्या फोनवर जातंय आन् पप्पाचा फोन लागना." मग मुकादमाचा नंबर शोधला. त्यानं कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, माणूस धाडून तिच्या वडलांना उठवलं. ते ट्रॉलीवर चढून उभे राहिले तेव्हा कुठं फोनला रेंज आली. दोन ओटीपींची वेळ निघून गेली, तिसऱ्याला अर्ज पुढं सरकला. साडेअकरा झाले होते. असा फोन मी पुन्हा उचलीन, रात्री एक वाजता आला तरी उचलीन. तेव्हा 'बायकांना वेळेनंतरचं काम नको असतं' असं मागच्या बैठकीत जे कुणीतरी म्हणालं, ते कृपया बाजूला ठेवू.

पण त्या रात्रीची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' असा फलक माझ्याच खिडकीवर लावलेला आहे. आणि रात्री साडेअकराला मीच त्या माणसाला विचारत होते, "दादा, आकडे वाचा बरं." त्यांनी बिनघोर वाचले. मी कुणाची कोण, माझा नंबर कॉलेजचाच आहे की आणखी कुणाचा, हे त्यांना कळायला काहीच मार्ग नव्हता. उद्या दुसऱ्या कुणी माझं नाव सांगून विचारलं तर ते देतील. का देणार नाहीत? कॉलेजचं काम असंच रात्री-बेरात्री कुठल्याही नंबरवरून येतं, ही सवय आम्हीच त्यांना लावली.

आणि तसंच घडलं. डिसेंबरात आपल्या मुलांना फोन यायला लागले. 'कॉलेजच्या ऑफिसातून बोलतोय, तुझी शिष्यवृत्ती अडकली आहे.' बोलणाऱ्याला मुलाचं पूर्ण नाव, वर्ग, बँक, खातं क्रमांकाचे शेवटचे आकडे, सगळं ठाऊक. दोन मुलांच्या खात्यातून पैसे गेले. एकाचे गेले ते मेसचे होते. तो आठ दिवस मित्राच्या डब्यावर जेवला, हे मला नंतर शिपाईमामांकडून कळलं.

यादी फुटली होती हे उघड आहे. कुठून फुटली ते अजून सिद्ध झालेलं नाही. तरी आपण आमच्या कनिष्ठ लिपिकाला कारणे दाखवा नोटीस दिलीत. त्या पोराची चूक काय? रविवारी संध्याकाळी आठला त्याला निरोप गेला की बँक तपशिलासह यादी ताबडतोब ग्रुपवर टाका, बैठक आहे. तो घरी होता. भावाच्या दुकानातल्या संगणकावर त्यानं फाईल उघडली आणि ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपमध्ये प्राध्यापक, तासिका तत्त्वावरचे, सोडून गेलेले, निवृत्त झालेले, असे दोनशेच्या वर लोक आहेत. सांगितलेलं काम सांगितल्या वेळेत, सांगितल्या जागी केलं, म्हणून नोटीस! निरोप देणाऱ्याला साधा प्रश्नही विचारला गेला नाही.

सर, आपल्या ऑफिसात जनरल रजिस्टर लोखंडी कपाटात असतं. किल्ली हेड क्लार्ककडे. न्यायालयानं मागितलं तरी ते सहीशिवाय बाहेर जात नाही आणि परत येईपर्यंत आम्हाला झोप येत नाही. त्या रजिस्टरात आहे तरी काय? नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा. आता त्याच्या दसपट माहिती, म्हणजे आधार, बँक खातं, उत्पन्नाचा दाखला, आईबापाचे नंबर, फोटो, सही, हे सगळं आम्ही पेन ड्राईव्हवर घालून पर्समध्ये टाकतो आणि एसटीनं घरी नेतो. त्याला ना कपाट, ना किल्ली, ना वहीत सही.

२०२० साली हे समजण्यासारखं होतं. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून टाळेबंदी, निकाल-प्रवेश-पगार तर थांबवता येत नव्हते. ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं. मी स्वतः पगारपत्रकं मुलाच्या लॅपटॉपवर केली आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ती आगीच्या वेळची धावपळ होती. तीच आता आपण कार्यपद्धती करून टाकली आहे.

आता तक्रारी. क्रम महत्त्वाप्रमाणे नाही, आठवतील तशा.

पहिली यंत्राची. घरून काम करा म्हणताना कशावर करा, हे परिपत्रकात नाही. माझ्या घरी एकच लॅपटॉप आहे, तो मुलाचा. त्यावर त्यानं कुठून कुठून उतरवलेले गेम आहेत, फुकटात मिळालेली सॉफ्टवेअरं आहेत आणि मित्र आले की तेही तो वापरतात. दोघा सहकाऱ्यांकडे लॅपटॉपच नाही. ते मोबाईलवर करतात, नाहीतर चौकातल्या नेट सेंटरवर जातात. तिथल्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आपल्या मुलांची किती आधार कार्डं पडलेली असतील, कोण जाणे. ऑफिसातलीही कथा फार वेगळी नाही. आमच्या पाचपैकी चार संगणकांवर विंडोज १० आहे आणि मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे त्यानंतर सापडलेल्या भोकांना मोफत ठिगळ मिळणं संपलं. वर्षभराची जादा मुदत नोंदणी करून घेता येत होती, ती आपण घेतली का, हे विचारायला ऑफिसात कुणी माणूसच नाही.

दुसरी एनीडेस्कची, म्हणजे दुरून दुसरा संगणक चालवायच्या ॲपची. फीचं आणि प्रवेशाचं सॉफ्टवेअर फक्त ऑफिसच्या संगणकांवर चालतं. म्हणून तिथं एनीडेस्क कायमचं चालू ठेवायचं आणि घरून त्यातून आत यायचं, अशी सोय सॉफ्टवेअरवाल्यानं करून दिली. पासवर्ड काय, तर कॉलेजचं नाव आणि पुढं १२३. तो आम्हाला माहीत, सॉफ्टवेअरवाल्याला माहीत, त्याच्याकडे काम करून सोडून गेलेल्या दोन मुलांना माहीत. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच या ॲपच्या नावानं बँकांना सावध केलं होतं, कारण चोर लोकांना तेच उतरवायला लावून खाती रिकामी करत होते. ॲप वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपण घराचं मागचं दार रात्रंदिवस उघडं ठेवलं आहे, एवढंच म्हणते. त्यातला विनोद असा की रात्री लाईट जाऊन आली की संगणक बंद होतो आणि सकाळी सहाला शिपाईमामांना फोन जातो, "मामा, जरा ऑफिस उघडून बटण दाबून या." घरून काम माझं, आणि हेलपाटा त्यांचा.

तिसरी लॉगिनची. ही लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण यात आम्हीही सामील आहोत. महाडीबीटीवर क्लार्कचं लॉगिन वेगळं आणि प्राचार्यांचं वेगळं ठेवलं आहे ते एकानं तपासावं आणि दुसऱ्यानं पुन्हा तपासून पुढं पाठवावं म्हणून. एचटीई सेवार्थ या शासनाच्या पगार प्रणालीतही तसंच. आपल्याकडे दोन्ही लॉगिन माझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. सर, आपल्याला वेळ नसतो हे खरं आहे. पण उद्या चौकशी लागली तर नोंदीत नाव आपलं दिसेल आणि बोट माझं असेल. आपण म्हणाल मी केलं नाही, मी म्हणेन मला सांगितलं होतं. दोघंही खरं बोलत असू आणि दोघंही अडकू.

कॉलेजच्या मेलचं तर विचारूच नका. तो अजून साध्या जीमेलवर आहे, पासवर्ड पाच जणांना ठाऊक आहे, आणि नव्या ठिकाणाहून उघडला की येणारा कोड तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या हेड क्लार्कच्या मोबाईलवर जातो. ते सध्या मुलाकडे पुण्याला असतात. कोड लागला की त्यांना फोन करायचा. ते दुपारचे झोपलेले असले की आपल्या कॉलेजचा मेल बंद. भला माणूस, अजून कधी कुरकूर केली नाही.

चौथी तक्रार माझ्या नंबरची, आणि इथं मी जरा थांबणार आहे.

माझा खाजगी मोबाईल नंबर नोटीस बोर्डवर आहे, माहितीपत्रकात आहे, प्रवेशाच्या फ्लेक्सवर आहे. लावताना मला कुणी विचारलं नाही. रिचार्ज माझा, फोन माझा, बॅटरी माझी. नंबर माझा असल्यामुळे व्हॉट्सॲपवर माझा फोटो दिसतो. रात्री अकराला 'हाय मॅडम', 'जेवलात का', 'डीपी छान आहे' असे निरोप अनोळखी नंबरांवरून येतात. फोटो काढून टाकला तर पालक म्हणतात, 'हा नंबर मॅडमचाच कशावरून?' मी ब्लॉक करते, पण ब्लॉक केलेला एखादा खरोखरच त्रुटीवाला विद्यार्थी निघतो. सासूबाईंच्या ऑपरेशनला चार दिवस संभाजीनगरला होते. रजा मंजूर होती. पहिल्या दिवशी साठावर फोन आले, कारण त्या टेबलाचा दुसरा नंबरच नाही. मी फोन बंद केला, तर परतल्यावर तोंडी समज मिळाली.

दुसरं असं की आमच्या फोनवर काय काय येतं, ते आपल्याला माहीत आहे का? लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाईल येते, वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येते. उघडली की फोनमधले संदेश परस्पर तिसऱ्याकडे जायला लागतात, ओटीपीसकट. माझ्या घरी लग्नपत्रिका येणारच, मी त्या उघडणारच. तोच फोन महाडीबीटीचा, तोच सेवार्थचा, तोच घरचा. लग्नसराईत आपल्या कॉलेजची तिजोरी माझ्या बोटावर टांगलेली असते.

यावर माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल : संपर्कात टेबल राहिलं पाहिजे, टेबलावरचं माणूस आज एक असेल, उद्या दुसरं. शिष्यवृत्तीचा एक नंबर हवा, तो कॉलेजचा हवा, आणि तो आज माझ्याकडे, उद्या सहकाऱ्याकडे, परवा माझ्या जागी जो येईल त्याच्याकडे असावा. मग त्या मुलीच्या वडलांच्या फोनवरही तो 'कॉलेज' म्हणून साठवलेला असेल. दुसऱ्या कुठल्याही नंबरवरून 'ऑफिसातून बोलतोय' असं कुणी म्हटलं तर त्यांना शंका यायला जागा राहील. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेला याहून स्वस्त उपाय मला तरी दिसत नाही.

पाचवी तक्रार छोटी आहे. चूक झाली तर सांगायचं कुणाला? भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, त्यात सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलं आहे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकी ते मध्येच अडकवता येण्याची आशा जास्त. आपल्याकडे पहिले सहा तास 'साहेबांना सांगावं का नको' यातच जातात. आणि नोटीस मिळालेलं पोर सगळ्यांनी पाहिल्यावर पुढच्या वेळी कुणीही सांगणार नाही. ज्याच्या हातून फाईल चुकीच्या नंबरवर जाईल तो ती गुपचूप पुसेल आणि गप्प बसेल. परिपत्रकातल्या तिसऱ्या ओळीनं एवढंच साधलं आहे.

त्या ओळीबद्दल कायद्याचंही थोडं सांगते, कारण आपल्यापैकी काही जण वकील आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ च्या ऑगस्टात झाला, नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली आहे. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, जबाबदारी त्याची, असा त्या कायद्याचा पाया आहे. सांभाळण्याची वाजवी व्यवस्था केली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि तो माहितीचा वापर ठरवणाऱ्याला होतो. माहिती घेणारी संस्था, ठरवणारी संस्था. आमचं कनिष्ठ महाविद्यालयही याच ऑफिसातून चालतं, आणि अकरावी-बारावीची बहुतेक मुलं १८ च्या आतली. त्यांच्या माहितीला हा कायदा अधिक जपायला सांगतो. लिपिकाकडून 'वैयक्तिक जबाबदारी'ची सही घेऊन संस्थेला यातून सुटता येईल, असं मला वाटत नाही. आपल्यातल्या वकील मंडळींनी मला चूक ठरवावं, मी ऐकून घेईन.

वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काची भाषा मी करत नाही. फ्रान्समध्ये तो २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑगस्टात आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात तसं खाजगी विधेयक लोकसभेत मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. होईल तेव्हा होईल. तोवर ऊसतोडीच्या मुलांच्या तारखा थांबणार नाहीत, त्यामुळे आम्हीही रात्री अपरात्री फोन घेत राहूच. फक्त तो कुणी, कधी आणि कशासाठी घ्यायचा, हे ठरलेलं असावं.

म्हणून आमच्या मागण्या :

१. परिपत्रकातली तिसरी ओळ मागे घ्यावी. कनिष्ठ लिपिकाला दिलेली नोटीस रद्द करून तसं त्याला लेखी कळवावं. बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल, हे आधी.

२. प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती या तीन टेबलांना कॉलेजच्या नावावरची तीन सिम आणि तीन फोन द्यावेत. त्यांवर दुसरं काही असू नये. वेळेनंतर दोघांची पाळी लावावी, वहीत सही करून फोन ताब्यात घ्यायचा आणि सही करून पुढच्याला द्यायचा. ज्याची पाळी नाही त्याला फोन नाही. मुदतीचा शेवटचा आठवडा, परीक्षेचा दिवस आणि निकाल सोडून रात्री आठनंतर 'उद्या साडेदहाला बोलू' असं उत्तर आपोआप जावं. व्हॉट्सॲपच्या व्यवसायासाठीच्या ॲपमध्ये ही सोय फुकट आहे.

३. घरून काम ज्यांच्याकडून हवं त्यांना कॉलेजचे लॅपटॉप द्यावेत. सहा नकोत, दोन पुरेत, पाळीनं नेऊ. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद, नेताना-आणताना सही. डिस्कला कुलूप लावलेलं असावं, म्हणजे लॅपटॉप एसटीत राहिला तरी आतलं कुणाला वाचता येणार नाही. महाडीबीटी आणि सेवार्थ ब्राउझरवरच चालतात, त्यामुळे बहुतेक कामाला ऑफिसच्या संगणकात घुसायची गरजच पडत नाही.

४. एनीडेस्क आजच बंद करावं. फीच्या सॉफ्टवेअरसाठी बाहेरून आत यावंच लागत असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खाजगी वाटेनं, ज्याच्या त्याच्या नावानं, ठरलेल्या वेळेत, आणि कोण कधी आलं याची नोंद राहील अशी सोय सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्यावी. त्याला आपण दरवर्षी देखभालीचे पैसे देतोच.

५. प्रत्येकाला कॉलेजच्या नावाचा मेल द्यावा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी प्राध्यापकांना असे मेल काढून दिले, शैक्षणिक संस्थांना गूगल ही सेवा फुकट देतं. ऑफिसवाल्यांना मात्र तेव्हा वगळलं, का ते आजवर कळलं नाही. त्या मेलना दुहेरी पडताळणी लावावी, आणि कुणी निवृत्त झालं वा सोडून गेलं की निरोप समारंभाच्या दिवशीच त्याचं लॉगिन बंद करावं. शाल-श्रीफळ देताना आठवण राहीलच.

६. प्राचार्यांचं लॉगिन प्राचार्यांनीच वापरावं. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-अर्धा तास. मी अर्ज छाननी करून तयार ठेवीन, सरांनी फक्त पाहून पुढं पाठवायचे. जड जात असेल तर उपप्राचार्यांना रीतसर लेखी अधिकार द्यावेत.

७. विद्यार्थ्यांची कुठलीही यादी, आधार किंवा बँक तपशील व्हॉट्सॲप ग्रुपवर मागू नये आणि टाकू नये. कुणीही, म्हणजे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनीसुद्धा. बैठकीला आकडे लागतात, नावं लागत नाहीत. आधारची प्रत घ्यायचीच असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत घ्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते.

८. घटना कळवायला एक माणूस नेमावा, त्याचं नाव आणि नंबर ऑफिसात भिंतीवर लावावा. चूक स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे लेखी द्यावं.

९. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मराठीतून द्यावं, शिपाईमामा आणि प्रयोगशाळा सहायकांसकट. पाहुण्यांच्या सत्कारात त्यातला तास घालवू नये.

'पैसे कुठून आणायचे?' हा प्रश्न येणार, म्हणून आधीच लिहिते. तीन साधे स्मार्टफोन आणि दोन बेताचे लॅपटॉप यांचा खर्च मागच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाहून कमी बसतो. मांडवाचं बिल माझ्याच हातून गेलं होतं. बाकीच्या बहुतेक मागण्यांना पैसे लागतच नाहीत, सही लागते.

आपण म्हणाल, मग हे उघड पत्र कशाला, केबिनमध्ये येऊन बोलायचं होतं. आलो होतो, सर. सहा जण आलो होतो. आपला फोन सुरू होता, म्हणून वीस मिनिटं उभे राहून परत गेलो.

तीस दिवसांत या पत्रावर लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. उत्तर संस्थेच्या नोटीस बोर्डवर लागलं तर फारच बरं, मुलांनाही वाचता येईल. तोपर्यंत मुदती जवळ आल्या आहेत म्हणून शिष्यवृत्तीचं काम मी थांबवणार नाही. ते ऑफिसच्या संगणकावर करीन, गरज पडली तर रात्री आठपर्यंत ऑफिसात बसून करीन. घरी मात्र एकही फाईल नेणार नाही. पेन ड्राईव्ह कपाटात ठेवून किल्ली हेड क्लार्ककडे दिली आहे, वहीत सही घेतली आहे.

आपली विश्वासू,
वरिष्ठ लिपिक, शिष्यवृत्ती विभाग

ता. क. नोटीस बोर्डवरचा आणि फ्लेक्सवरचा माझा खाजगी नंबर सोमवारी सकाळी मी स्वतः खोडणार आहे. त्या जागी कुठला नंबर लिहायचा, तो शनिवारपर्यंत कळवावा.